मेल सर्व्हर नव्या व्हर्जनवर न्यायचाय? आधी महिनाभर नुसतं ऐकत बसा

मेलबॉक्स एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात सोपं काम आहे, हे आधीच सांगून टाकतो. कमांड द्यायची, टक्केवारी पुढे सरकत राहते, आपण चहा पिऊन यायचं. माझी वाट लागली ती वजनकाट्यामुळे. भोसरी एमआयडीसीतली एक कंपनी, १४० मेलबॉक्स, गुरुवारी सुट्टीच्या दिवशी शेवटचं सगळं शिफ्ट केलं, आउटलुक चालू, साहेबांच्या फोनवर मेल येतायत, मी खुशीत जुना सर्व्हर बंद करून घरी. शुक्रवारी सकाळी पावणेआठला गेटवरून फोन, "साहेब, काट्याची स्लिप जाईना झालीय, तीन गाड्या उभ्या आहेत." काट्याचं सॉफ्टवेअर प्रत्येक गाडीची स्लिप ट्रान्सपोर्टरला आणि अकाउंट्सला मेल करतं हे आयटीत कोणालाच माहीत नव्हतं. काटा बसवणाऱ्याने कधीतरी जुन्या सर्व्हरचा आयपी टाकून ते चालू करून दिलं होतं आणि तेव्हापासून ते बिनबोभाट चाललं होतं.

तर हे पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी लिहितोय. उदाहरण घेतलंय एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) २०१६ वरून एक्स्चेंज सर्व्हर सब्स्क्रिप्शन एडिशनवर, म्हणजे एसईवर जाण्याचं, कारण सध्या लहान-मध्यम कंपन्यांत हेच अडकलेलं असतं. तुमच्याकडे दुसरा कुठला मेल सर्व्हर असेल तर कमांड बदलतील, वजनकाटा मात्र तुमच्याकडेही कुठेतरी असणार.

आधी कुठून कुठे जायचं ते नक्की करा

एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एसई १ जुलै २०२५ ला आली. मॅनेजमेंट म्हणणारच, "चालतंय की अजून, कशाला हात लावायचा", तेव्हा त्यांना मार्च २०२१ ची आठवण करून द्या. एक्स्चेंजमधली प्रॉक्सीलॉगॉन नावाची भोकं तेव्हा बाहेर आली, २ मार्चला पॅच आले, आणि ज्यांनी लगेच टाकले नाहीत त्यातल्या अनेकांच्या सर्व्हरवर कोणी ना कोणी वेब शेल (बाहेरून सर्व्हर चालवायचं चोरदार) ठेवून गेलं. सपोर्ट संपलेल्या सर्व्हरला असा पॅच येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

तुम्ही २०१९ च्या सीयू१४ (सीयू म्हणजे क्युम्युलेटिव्ह अपडेट) किंवा सीयू१५ वर असाल तर नशीबवान आहात, एसई त्याच सर्व्हरवर वरून टाकता येते, एखादा सीयू टाकल्यासारखी. २०१६ वाल्यांना ती सोय नाही. नवा सर्व्हर उभा करायचा, त्यावर एसई टाकायची, दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी चालवायचे आणि मेलबॉक्स हलवायचे. २०१६ वर सीयू२३ असलाच पाहिजे, तो नसेल तर आधी तो. मधे २०१९ वर थांबायची गरज नाही, थेट जाता येतं. आणि हो, एक्स्चेंज चालू असलेल्या मशीनवर खालचं विंडोज अपग्रेड करायचा शहाणपणा करू नका, ते सपोर्टेड नाही.

परचेसवाल्यांना पहिल्याच दिवशी सांगा, एसईला सब्स्क्रिप्शन किंवा सॉफ्टवेअर अशुरन्स (नव्या व्हर्जनचा हक्क देणारा करार) लागतं, एकदा विकत घेऊन विसरून जायचे दिवस गेले. हे शेवटच्या आठवड्यात सांगितलंत तर तुमची तारीख गेलीच म्हणून समजा.

महिनाभर ऐका

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि मी सगळ्यात जास्त जोर यावरच देणार आहे.

जुन्या सर्व्हरशी कोण कोण बोलतं हे विचारून कळत नाही. मी विचारलं होतं की. सगळ्या डिपार्टमेंटला मेल टाकला, "तुमच्याकडे कुठली मशीन मेल पाठवते का", उत्तरं आली दोन. लॉगमधून सापडली सतरा. म्हणून रिसीव्ह कनेक्टरवर (सर्व्हर ज्यातून मेल घेतो ते दार) प्रोटोकॉल लॉगिंग व्हर्बोज, म्हणजे सविस्तर, करायचं, सगळ्याच कनेक्टरवर, आणि किमान एक पूर्ण महिना चालू ठेवायचं. महिना का, तर काही गोष्टी महिन्यातून एकदाच बोलतात. पगाराच्या स्लिपा, महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट, यूपीएसच्या कार्डाचा बॅटरी टेस्टचा मेल.

यात एक खोच आहे. लॉग डिफॉल्टने ३० दिवस राहतात असं आपण वाचतो आणि निवांत होतो, पण त्या फोल्डरला २५० एमबीची मर्यादासुद्धा असते, ती भरली की जुने लॉग आपोआप उडतात, मग ३० दिवस झाले असोत वा नसोत. व्हर्बोज केल्यावर ती मर्यादा भराभर भरते. आधी ती वाढवा, दोन-चार जीबी करा, नाहीतर महिन्याच्या शेवटी फोल्डर उघडाल आणि फक्त मागच्या आठवड्याचं सापडेल.

लॉग असतात फ्रंटएंडच्या एसएमटीपीरिसीव्ह फोल्डरमध्ये, स्वल्पविरामांच्या साध्या फाइल्स. एक्सेलमध्ये ओढा, समोरच्याच्या आयपीचा कॉलम तेवढा ठेवा, पोर्ट काढून टाका, डुप्लिकेट उडवा. उरलेल्या यादीतला एकेक आयपी घेऊन हे काय आहे ते शोधायचं. पिंग करा, ब्राउझरमध्ये उघडून बघा, स्विचवर कुठल्या पोर्टला आहे ते बघा, आणि नाहीच कळलं तर वायरीच्या मागे चालत जा. माझ्या सतरात होते पाच स्कॅनर-कॉपियर, हजेरीचं मशीन, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, दोन यूपीएस, ईआरपी, बॅकअपचं सॉफ्टवेअर, टेस्टिंग लॅबमधला एक जुना पीसी ज्यावर "बंद करू नये" असं स्केचपेनने लिहिलं होतं, आणि असंच बाकी किडूकमिडूक. वजनकाटा मात्र त्यात नव्हता, कारण त्या पहिल्या वेळी मी लॉग फक्त दहा दिवस ठेवले आणि त्या दहा दिवसांत काटा दुरुस्तीला काढला होता. आता बोला!

यादी करताना प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: सर्व्हरचं नाव टाकलंय की आयपी, कुठला पोर्ट, पासवर्ड देतो का, आणि मेल कंपनीच्या आत जातो की बाहेरसुद्धा. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, पुढे येईलच.

नवा सर्व्हर

विंडोज सर्व्हर २०१९, २०२२ किंवा २०२५ चालतं, नवीन घेताय तर २०२२ च्या खाली जाऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या कागदावर रॅम १२८ जीबी आहे, शे-दीडशे मेलबॉक्सची कंपनी ते ऐकून हसते आणि ६४ वर तडजोड होते. मी ६४ वर चालवलंय, चाललं, पण हे मी सांगितलं म्हणून करू नका. पेजफाइल रॅमच्या २५ टक्के ठेवायची. डेटाबेस आणि लॉगच्या डिस्क फॉरमॅट करताना ६४ केबीचं अलोकेशन युनिट निवडा, हे नंतर बदलता येत नाही म्हणून आत्ताच. डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) एक्स्चेंज टाकू नका, कितीही पैसे वाचत असले तरी.

इन्स्टॉल करण्याआधी एडीची (अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कंपनीतल्या युजर आणि मशीनची नोंदवही) तब्येत बघा. फॉरेस्टची फंक्शनल लेव्हल २०१२ आर२ किंवा वरची पाहिजे, आणि डोमेन कंट्रोलर आपापसात नीट रेप्लिकेट होतायत ना ते रेपअ‍ॅडमिनने तपासा. सेटअप स्कीमा (एडीतल्या नोंदींचा आराखडा) वाढवतो आणि वाढवलेली स्कीमा मागे घेता येत नाही, त्यामुळे त्याआधी डोमेन कंट्रोलरचा सिस्टम स्टेट बॅकअप पाहिजेच. व्हीएमचा स्नॅपशॉट हा बॅकअप नाही, एक्स्चेंजसाठी तर मुळीच नाही. मग सेटअपच्या प्रीपेअरस्कीमा आणि प्रीपेअरएडी या पायऱ्या, आणि दोन्हींच्या मधे रेप्लिकेशनला वेळ द्या. ज्या अकाउंटने करताय ते स्कीमा अ‍ॅडमिन्स आणि एंटरप्राइझ अ‍ॅडमिन्समध्ये घातल्यावर लॉगऑफ करून परत लॉगिन करा, हे विसरून अर्धा तास डोकं खाजवत बसलेली माणसं मी पाहिलीत (एक आरशात).

आता सेटअप कधी चालवायचा? रात्री. कारण सांगतो. सेटअप संपता संपता नवा सर्व्हर एडीमध्ये आपला ऑटोडिस्कव्हरचा (आउटलुकला सर्व्हर शोधून देणारी सोय) पत्ता टाकतो, त्याला सर्व्हिस कनेक्शन पॉइंट म्हणतात. डोमेनमधली आउटलुकं तो पत्ता वाचतात आणि काही जण लगेच नव्या सर्व्हरकडे जातात, जिथे अजून सर्व्हरने स्वतःच सही केलेलं (सेल्फ-साइन्ड) सर्टिफिकेट आहे. म्हणजे तुम्ही एकही मेलबॉक्स हलवलेला नसताना निम्म्या ऑफिसच्या स्क्रीनवर सर्टिफिकेटची वॉर्निंग येते आणि फोन वाजायला लागतो. उपाय सोपा आहे, सेटअप संपल्या संपल्या सेट-क्लायंटअ‍ॅक्सेससर्व्हिसने तो अंतर्गत यूआरएल जुन्या सर्व्हरवर जो आहे तोच करून टाका. कमांड आधीच नोटपॅडमध्ये टाइप करून ठेवा, त्या वेळी स्पेलिंग शोधत बसू नका. मग सर्टिफिकेट जुन्यावरून प्रायव्हेट की सकट एक्सपोर्ट करून नव्यावर आणा, आणि ओडब्ल्यूए, ईसीपी, ईडब्ल्यूएस, ॲक्टिव्हसिंक, ओएबी, मॅपी या सगळ्या व्हर्च्युअल डिरेक्टरींचे (वेबमेल, फोन, आउटलुक यांची वेगवेगळी दारं) यूआरएल जुन्यासारखे करा. एक जरी राहिली तरी ती कुठल्या तरी सोमवारी सकाळी तुम्हाला सापडेल.

तुमच्याकडे सर्व्हरच्या पुढे लोड बॅलन्सर किंवा रिव्हर्स प्रॉक्सी असेल तर एक्स्टेंडेड प्रोटेक्शनबद्दल (मधे घुसून कोणी लॉगिन चोरू नये म्हणूनची सोय) वाचून घ्या. नव्या व्हर्जनमध्ये ते डिफॉल्टने चालू असतं आणि मधेच एसएसएल सोडवणारं यंत्र असेल तर लॉगिनच होत नाही, सारखा पासवर्ड मागत राहतं.

कनेक्टर

सेंड कनेक्टर (मेल बाहेर पाठवायचा रस्ता) सगळ्या संस्थेचा एकच असतो, त्यात फक्त नवा सर्व्हर सोर्स म्हणून घालायचा. रिसीव्ह कनेक्टर मात्र प्रत्येक सर्व्हरचे वेगळे, ते आपोआप येत नाहीत. लोक काय करतात, जुन्याचा स्क्रीनशॉट काढतात, नव्यावर तसेच टिक मारतात, आयपींची यादी घालतात, टेस्ट करतात, आतल्या पत्त्यावर मेल जातो, झालं म्हणतात. दुसऱ्या दिवशी स्कॅनरवरून ग्राहकाला पाठवायला गेलं की ५५० ५.७.५४, अनेबल टू रिले, म्हणजे सर्व्हर मेल बाहेर पुढे पाठवू देत नाही. कारण बाहेर रिले करायची परवानगी त्या टिकांमध्ये दिसतच नाही, ती अ‍ॅनॉनिमस लॉगॉनला अ‍ॅड-एडीपरमिशनने वेगळी दिलेली असते, अ‍ॅक्सेप्ट एनी रेसिपियंट नावाची. म्हणून वरच्या यादीत "बाहेरसुद्धा" हा कॉलम. आणि ही परवानगी दिलेल्या कनेक्टरवर आयपी एकेक करून घाला, आख्खं सबनेट घातलंत तर नेटवर्कमधला कुठलाही व्हायरस लागलेला पीसी तुमच्या सर्व्हरवरून जगाला स्पॅम पाठवेल.

जुन्या कॉपियरचं आणखी एक दुखणं. नव्या व्हर्जनला डिफॉल्टने टीएलएस (कनेक्शन गुप्त ठेवायची पद्धत) १.२ च्या खालचं चालत नाही. पासवर्ड टाकून ५८७ पोर्टवरून पाठवणारा जुना कॉपियर १.० च्या पुढे गेलेला नसतो, आणि स्क्रीनवर फक्त "कनेक्शन फेल्ड" दाखवतो. आधी फर्मवेअर बघा. नसेल मिळत तर त्या एका आयपीपुरता पासवर्ड नसलेला, फक्त आत पाठवू शकणारा २५ चा रस्ता द्या. एका कॉपियरसाठी आख्ख्या सर्व्हरवर जुनं टीएलएस उघडू नका.

बाहेर जाणारा पब्लिक आयपी बदलतोय का तेही बघा. फायरवॉलवर नव्या सर्व्हरला वेगळं नॅट (बाहेर दिसणारा आयपी) लागलं तर एसपीएफमध्ये (तुमच्या नावाने कुठले आयपी मेल पाठवू शकतात याची डीएनएसमधली यादी) तो आयपी नाही, पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नाही, आणि मेल जातात पण समोरच्याच्या स्पॅममध्ये. डीकेआयएमची (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय याची) सही एक्स्चेंज स्वतः करत नाही. ती जुन्या सर्व्हरवरचा एखादा एजंट करत असेल तर तो नव्यावरही टाकायला लागतो.

तारीख

कंपनीचं कॅलेंडर घेऊन बसा. ७ तारखेच्या आतला पगार, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, महिनाअखेर, ऑडिट. हे सगळं टाळलं की महिन्यात जेमतेम एक-दोन फटी उरतात. आमच्याकडे गुरुवारची सुट्टी म्हणून गुरुवार बरा वाटतो, पण मेंटेनन्ससाठी लाईट घालवतात तीही बऱ्याचदा गुरुवारीच, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करा आणि जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते स्वतः जाऊन बघा.

डीएनएसचा टीटीएल (बाकीची मशीन जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवतात तो) दोन-तीन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. एका टेस्ट लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये मेलचं नाव नव्या सर्व्हरच्या आयपीकडे वळवून आउटलुक, वेबमेल सगळं वापरून बघा. हा लॅपटॉप दोन दिवस स्वतः वापरा, नुसतं उघडतंय म्हणून टिक मारू नका. २०१६ आणि एसई एकमेकांकडच्या मेलबॉक्सचं ट्रॅफिक पुढे ढकलू शकतात, त्यामुळे आधी नाव वळवलं आणि मेलबॉक्स नंतर हलवले तरी चालतं, मी तसंच करतो.

लोकांना कळवायचं तर मेलवर एकदा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा, मेल बंद पडल्याची सूचना मेलवर कोण वाचणार. मजकूर छोटा ठेवा. माझा असा असतो: "बुधवारी रात्री ९ नंतर मेलचं काम आहे. गुरुवारी आउटलुकने बंद करून परत चालू करा म्हटलं तर तसं करा. पासवर्ड मागितला तर टाकू नका, मला फोन करा."

मेलबॉक्स हलवणं

आधी आर्बिट्रेशन मेलबॉक्स, म्हणजे एक्स्चेंजचे स्वतःचे सिस्टम मेलबॉक्स, हलवा. नेहमीच्या यादीत ते दिसत नाहीत, गेट-मेलबॉक्सला आर्बिट्रेशन लावून बघावं लागतं. मग आयटीतले स्वतःचे चार-पाच, मग एखादं बोलकं डिपार्टमेंट, ज्यांना काही बिघडलं की लगेच ओरडायची सवय आहे. साहेब आणि त्यांच्या पीए मॅडम एकाच बॅचमध्ये घाला, कॅलेंडर आणि शेअर केलेले मेलबॉक्स दोन व्हर्जनांत विभागले की भलत्याच तक्रारी येतात.

सिंक दिवसा चालू करून ९५ टक्क्यांवर थांबवून ठेवता येतं, सस्पेंडव्हेनरेडीटूकम्प्लीट लावून. मग ठरलेल्या रात्री रिझ्यूम करायचं, तेव्हा फक्त मधला फरक जातो. ६५० जीबी एका रात्रीत न्यायचा हट्ट कशाला?

आणि आता लॉग डिस्क. मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये लिहिला जातो तेव्हा जेवढा डेटा, साधारण तेवढेच ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद, वरचे प्रोटोकॉल लॉग नव्हेत) तयार होतात, एकेक एमबीच्या फाइल्स. १०० जीबी हलवलेत की लाखभर फाइल्स. ते लॉग उडतात फुल बॅकअप झाल्यावर, आणि नव्या सर्व्हरवर बॅकअपचा एजंट टाकायचं "नंतर बघू" म्हणून राहिलेलं असतं. मेलची रांगही त्याच डिस्कवर असेल तर डिस्क भरत आली की आधी सर्व्हर मेल घ्यायचं थांबवतो (याला बॅक प्रेशर म्हणतात), पूर्ण भरली की डेटाबेस डिसमाउंट. रात्री अडीचला. म्हणून एकतर प्रत्येक बॅचनंतर बॅकअप घ्या, नाहीतर शिफ्टिंगपुरतं सर्क्युलर लॉगिंग (जुने लॉग आपोआप उडवणारं) चालू करा. एकट्या सर्व्हरवर त्यासाठी डेटाबेस एकदा डिसमाउंट-माउंट करावा लागतो, म्हणून मेलबॉक्स येण्याआधीच करून घ्या, आणि काम झाल्यावर बंद करून लगेच फुल बॅकअप. अँटीव्हायरसमधून एक्स्चेंजचे फोल्डर वगळायचं पण याच वेळी.

मागे कधी फिरायचं ते आधीच कागदावर लिहा. आमचं होतं, पहाटे ४ पर्यंत बाहेरून येणारा मेल नव्यावर पोचला नाही तर फायरवॉल परत जुन्याकडे. बाहेरचे सर्व्हर काही तास मेल नाही गेला म्हणून हार मानत नाहीत, ते दिवसचे दिवस परत परत प्रयत्न करतात, तेव्हा दोन तास बंद राहिल्याने मेल हरवत नाही. हे साहेबांना आधी सांगून ठेवलं तर ते रात्री तुम्हाला सारखे फोन करत नाहीत.

जुना सर्व्हर

लगेच काढू नका. सगळे मेलबॉक्स गेल्यावर जुन्याचे लॉग परत उघडा, अजून कोण येतंय ते बघा, त्यांना वळवा. यादी रिकामी झाली की सर्व्हर नुसता बंद करा, अनइन्स्टॉल नाही, आणि दोन आठवडे थांबा. त्यात एक महिनाअखेर यायला हवी. कोणी ओरडलं तर चालू करायला पाच मिनिटं.

मग चालू करून, सेंड कनेक्टरमधून त्याचं नाव काढून, डेटाबेस खरंच रिकामे आहेत ना बघून, कंट्रोल पॅनलमधून रीतसर अनइन्स्टॉल करायचं. कुठला मेलबॉक्स राहिला असेल तर सेटअप स्वतःच अडतो, बरं आहे. व्हीएम थेट डिलीट करणारे असतात, त्यांच्या एडीमध्ये तो मेलेला सर्व्हर तसाच नोंदलेला राहतो आणि पुढच्या अपग्रेडला त्याचं भूत समोर येतं.

सगळं झाल्यावर जुन्याचा आयपी नव्या सर्व्हरला दुसरा आयपी म्हणून देऊन टाका. हे मी त्या शुक्रवारीच शिकलो. काट्याच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड कोणाकडेच नव्हता, बसवणारा फोन उचलत नव्हता, आणि गाड्या पाच झाल्या होत्या. जुना आयपी नव्यावर टाकला, काट्याचा पीसी रिले कनेक्टरमध्ये घातला, आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिली स्लिप गेली.